सडा, गडगा आणि फुरसं

कातळशिल्पं बघायला येणारी पुण्या-मुंबईची मंडळी कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, पाय ठेवायच्या आधी एक प्रश्न हमखास विचारतात. "इथे बिबट्या वगैरे आहे का हो?" आहे ना. रात्री वाडीतलं कुत्रं उचलतो, कधी पाण्याच्या नाहीतर कोंबडीच्या मागे येऊन कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. मग वनखात्याची माणसं पिंजरा सोडतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. दोडामार्गात २००२ पासून कर्नाटकातून उतरलेले हत्ती आहेत, घाटात गवे आहेत. पण हा प्रश्न विचारणाऱ्याच्या पायात बहुतेक वेळा चप्पल असते, आणि तिच्याकडे बघताना इथल्या माणसाच्या मनात जे जनावर येतं ते जेमतेम फूट-दीड फूट लांबीचं असतं.

फुरसं. नाग, घोणस आणि मण्यार यांच्याबरोबर भारतातल्या चार मोठ्या विषारी सापांत त्याची गणना होते. चौघांत सर्वांत लहान तेच, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यावर ठाण मांडून बसलेलंही तेच. मातकट अंग, त्यावर फिकट नक्षी, डोक्यावर बाणासारखी खूण. नाग वाट मिळाली की निघून जातो. फुरसं जागचं हलत नाही. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेटोळे एकमेकांवर घासतं, आणि खवल्यांच्या करवतीसारख्या धारांमुळे तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा आवाज येतो. तो ऐकू आला तर नशीब म्हणायचं, कारण गवत कापताना कोयतीच्या आवाजात तो विरून जातो. चटकन अंगावर येणाऱ्या माणसाला फुरसं म्हणतात ते उगीच नाही.

त्याचं घर समजून घ्यायचं तर सडा समजून घ्यावा लागतो. सडा म्हणजे जांभ्याचं सपाट, उघडं पठार. पावसाळ्यात चार महिने हिरवं, उरलेलं वर्ष तव्यासारखं. वर मातीचा जेमतेम थर, खाली भेगा, कपारी आणि सुटे दगड. दिवसा या दगडांखाली गारवा असतो, रात्री बेडूक, विंचू, गोम, पाली असं खाणं मिळतं. त्यात माणसाने स्वतःहून भर घातली ती गडग्याची. कोकणात आवाराला, बागेला, शेताला मातीचुन्याशिवाय नुसता दगडावर दगड रचून जो बांध घालतात तो गडगा. फुरशाच्या दृष्टीने ती तयार चाळच. म्हणजे आपण ज्याला कुंपण म्हणतो तिथे त्याचं घर, आणि आपण ज्याला जंगल म्हणतो ते दारापासून दहा पावलांवर.

लोकांनी या शेजाऱ्याचं नाव रात्री घ्यायचं टाळलं. जनावर म्हणायचं, किरडू म्हणायचं, लांबडं म्हणायचं. चावलं असंही म्हणायचं नाही, 'पान लागलं' म्हणायचं. या शब्दांमागे भीती तर आहेच, पण मला त्यात शेजारधर्मही दिसतो.

इंग्रज सरकारला हा शेजारधर्म कळला नाही. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात देवगड-मालवणही येत (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली). या जिल्ह्यात सर्पदंशाने मरणाऱ्यांची संख्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागली आणि त्यांनी साधा हिशेब मांडला: फुरसं मारून आणा, बक्षीस घ्या. १८६२ च्या डिसेंबरात बक्षीस वाढवून पाहिलं, तेव्हा आठवड्याभरात एक लाखाहून जास्त फुरशी मारली गेली. नंतर दर उतरवले तरी मोहीम चालूच राहिली. व्हायडल या सनदी अधिकाऱ्याने १८९० मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये सहा वर्षांची सरासरी दिली आहे: वर्षाला सव्वादोन लाखांच्या वर.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली. मग आमच्याच सड्यावर एका सकाळी, तीही ऑगस्टच्या उघडिपीत, दगड उलटत गेलो तर तासाभरात पाच दिसली. संबंध जिल्ह्याचे सडे आणि कार्तिकात गवत कापायला सड्यावर पसरलेली हजारो माणसं डोळ्यांसमोर आणली की आकडा खरा वाटू लागतो. आणि मोहीम का फसली तेही कळतं. फुरसं अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतं, एका वेळी पाच-दहा. मोकळा झालेला दगड फार दिवस रिकामा राहत नाही. एका जागेतून जनावर काढलं तरी जागा तशीच राहते, हे त्या हिशेबात कुठेच धरलेलं नव्हतं. शेवटी तिजोरीतून पैसे गेले, लोकांना चार आणे मिळाले आणि फुरसं आहे तिथेच राहिलं.

दंश झाल्यावर काय, याचं उत्तर त्या काळात आणि पुढेही कित्येक वर्षं मांत्रिकाकडे होतं. त्याला नुसतं हसून चालणार नाही, कारण त्याचा धंदा फुरशाच्या स्वभावावर उभा होता. फुरसं दर वेळी पुरेसं विष सोडतंच असं नाही. शिवाय त्याचं विष नागासारखं तासा-दोन तासांत श्वास बंद पाडत नाही. रक्त गोठवण्याची शरीराची जी यंत्रणा असते ती हे विष उगाचच चालू करतं. ती सगळा साठा खर्च करून बसते आणि मग खरोखर गोठायची वेळ येते तेव्हा काही उरलेलं नसतं. हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, पुढे मूत्रपिंडावर घाला. मरण यायला चार दिवस लागतात, कधी आठवडा उलटतो. तोवर मांत्रिकाने विष उतरवल्याचं जाहीर करून नारळ घेतलेला असतो आणि माणूस घरी चालत गेलेला असतो. वाचला तर मंत्राने, गेला तर 'कसलासा ताप आला'. ब्लेडने जखम चिरून रक्त वाहू देणारे तर फुरशाचंच काम पुरं करत.

खरं औषध यायला वेळ लागला. घोड्याच्या रक्तातून सापाचं प्रतिविष बनवण्याची युक्ती फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत यांनी १८९०च्या दशकात काढली. पण एका सापाचं प्रतिविष दुसऱ्याच्या विषावर चालत नाही हे लवकरच ध्यानात आलं. हिंदुस्थानात आधी कसौलीला जे बनू लागलं ते नाग आणि घोणस या दोघांपुरतंच होतं. थोडक्यात, सड्यावरच्या बाईच्या बोटाला जे लागत होतं त्यावर त्या बाटलीचा उपयोग नव्हता. चारही सापांवर चालणारं एकत्रित प्रतिविष नंतर आलं, आणि आपल्याकडे त्यासाठी ओळखली गेली ती परळची हाफकिन संस्था. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी काढलेली ही प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्या नावाने चालते.

प्रतिविष बनवायला आधी विष लागतं आणि विषाला जिवंत साप. इथे फुरशाची किंमत उलटली. मेलेल्या फुरशाला बक्षीस होतं तो काळ संपला आणि जिवंत फुरशाला गिऱ्हाईक आलं. सत्तरच्या दशकात मद्रासच्या सर्पोद्यानाचे रोम्युलस व्हिटेकर इरुला आदिवासींना घेऊन देवगड-जामसंड्याच्या सड्यावर आले, ते याच कामासाठी. इरुला माणसं दगड उलटत, आकड्याने फुरसं उचलत आणि पिशवीत टाकत. शेकडो धरली. आपल्याकडे जनावर दिसलं की पहिला हात काठीकडे जातो, त्या सड्यावर परगावची माणसं ते सांभाळून पिशवीत घालतात, हे बघणाऱ्यांना काय वाटलं असेल! १९७८ मध्ये तामिळनाडूत इरुला सापपकड्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि देशातल्या प्रतिविषाला लागणाऱ्या विषाचा मोठा भाग आजवर तिथूनच येतो.

बाटली बनली म्हणून ती वाडीत पोचली असं नाही. आमच्या काकीची गोष्ट सांगतो. दिवाळी झाली होती, गवताच्या पेंढ्या बांधून झाल्या होत्या, शेवटची पेंढी उचलताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाला काहीतरी लागलं.

"काय नाय रे, काटो लागलो," ती म्हणाली आणि पेंढी डोक्यावर घेतली.

बाजूला कापत असलेल्या तात्यांनी तिच्या पायापाशी बघितलं. "काटो खयचो? फुरसा आसा. हलू नको."

पेंढी खाली आली. डोलीतून रस्त्यापर्यंत, तिथून रिक्षाने दवाखान्यात. वाटेत एकाने सुंभ आवळायला काढला, तात्यांनी तो फेकून दिला. पहिल्या दवाखान्यात इंजेक्शन शिल्लक नव्हतं. दुसऱ्यात होतं, पण तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी ते लगेच दिलं नाही. त्यांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी स्टँडमध्ये उभी केली आणि घड्याळ बघितलं. वीस मिनिटं. काच का, असं मी विचारलं. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निकाल फसतो, असं त्या म्हणाल्या. वीस मिनिटांनी त्यांनी नळी आडवी केली. आतलं रक्त कोकमाच्या आगळासारखं सरळ काचेवरून वाहत आलं. गोठलेलं असतं तर ते तळाला धरून राहिलं असतं. मग सलाईनमधून बाटल्या सुरू झाल्या. काकीच्या हिरड्या रात्री लाल झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नळी आडवी केली तेव्हा रक्त हललं नाही. तिला विचाराल तर ती अजून देवाचं नाव घेते. मी त्या नळीचं घेतो.

सड्याच्या त्याच दगडांखाली दुसरं एक जनावर राहतं, त्याचा इतिहास मात्र कोकणातच लिहिला गेला. लाल विंचू. त्याच्या दंशाने धडधाकट माणसाच्या फुप्फुसात पाणी भरे आणि तो बघता बघता जाई. त्यावर उतारा माहीत नव्हता. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून न्याहाळले. विंचवाचं विष हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर जो ताण आणतं तो प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने उतरतो, हे त्यांनी दाखवून दिलं. १९८०च्या दशकात हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आधी तीस-चाळीस टक्के रुग्ण दगावत, ते प्रमाण दोन-तीन टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लंडन-न्यूयॉर्कला विंचवाची गोळी शोधायची गरज पडली नसती, महाडला पडली.

फुरशाच्या बाबतीत एवढं सरळ काही घडलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते २०१७ मध्ये. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलं आहे. मधल्या काळात संशोधक एक अडचण मांडत आले आहेत: एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. तामिळनाडूच्या फुरशाच्या विषावर बेतलेली बाटली सगळ्या मुलखांत सारखीच लागू पडेल, असं धरून चालता येत नाही.

इकडे सडाही बदलतो आहे. जांभ्यात सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूसच्या बागा उभ्या राहिल्या. बागांभोवती पुन्हा गडगे आलेच. राखणीला नेपाळहून आलेली माणसं असतात. त्यांना आपले शब्द माहीत नसतात, फुरशाचा आवाजही माहीत नसतो. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हापासून पर्यटकांची वर्दळ वाढली. कशेळीच्या सड्यावर कातळात खोदलेला अठरा मीटरचा हत्ती आहे, बारसूला दोन वाघांमध्ये उभा असलेला माणूस आहे. कोरणाऱ्याला मोठी जनावरं कोरावीशी वाटली असणार.

यंदा आमच्या बागायतदाराने राखणदारांसाठी गमबूट आणले. गुडघ्याखालपर्यंतचे, काळे, चांगल्या रबराचे. एप्रिलच्या उन्हात सड्यावर ते घालून कोण फिरणार? पंपाच्या खोलीबाहेर गडग्यावर ते उलटे करून ठेवलेले असतात.