एकच पेन ड्राइव्ह, यादीत दोन नावं

सोयाबीन काढणीच्या दिवसांत सेवा केंद्रवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. नेमक्या त्याच हंगामात, १४ ऑक्टोबर २०२५ला, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट थांबवली आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात, माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर जुन्या लॅपटॉपची चळत लागली. कोणाला विंडोज ११ पाहिजे, कोणाला लिनक्स ही मोफत प्रणाली; दोन्ही पेन ड्राइव्हवरून बसवतात. "भाऊ, पेन ड्राइव्हच घेऊन नाही राह्यला जी," हे वाक्य दिवसातून चारदा तरी. पेन ड्राइव्ह बहुतेक वेळा धडधाकट असतो.

चालू करताना एफ १२ दाबली (कुठं एफ ९, कुठं एस्केप, कंपनीगणिक कळ वेगळी) की बूट मेनू, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं याची यादी, येतो. दहा-बारा वर्षं जुन्या मशीनवर त्यात बऱ्याचदा तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसत्या नावानं, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लिहून. माणूस अंदाजानं एकावर एंटर मारतो. विंडोजचा पडदा येतो, भाषा विचारली जाते, सगळं सुरळीत वाटतं आणि डिस्क निवडायच्या पायरीवर गाडी अडते: ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, इथं विंडोज बसणार नाही. (जीपीटी आणि एमबीआर म्हणजे डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवायच्या नवी आणि जुनी पद्धती; नुसत्या नावानं सुरू केलं तर विंडोजला एमबीआर लागते, यूईएफआयवाल्या नावानं केलं तर जीपीटी.) डिस्क एमबीआरची आणि यूईएफआयवालं नाव घेतलेलं असलं की हीच तक्रार एमबीआरच्या नावानं. डिस्कला काही झालेलं नसतं. यादीतली ती दोन नावं दोन वेगळ्या काळातली आहेत, आणि त्यातला जुना काळ सुरू होतो १९८१ला.

त्या वर्षी आयबीएमचा पीसी आला. त्यात बायोस होता, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी धावणारा, बोर्डवरच्या चिपमधला कार्यक्रम. बायोस हा शब्द मात्र त्याच्याही आधीचा. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीतला, सत्तरच्या दशकातला. आयबीएमच्या बायोसचं काम अगदी मोजकं होतं. वीज आली की मेमरी-कीबोर्ड तपासायचा, डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा उचलायचा आणि डोळे मिटून त्याच्या हवाली व्हायचं. फाइल म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. १९८३ला १० एमबीच्या हार्ड डिस्कचा पीसी एक्सटी आला तेव्हा त्याच ५१२ बाइटमध्ये विभागांची नोंद कोंबली: चार विभाग, ६४ बाइट. हेच एमबीआर. या नोंदीत २ टीबीच्या पुढचं मोजताच येत नाही, पण १० एमबीच्या जमान्यात त्याची फिकीर कोण करणार?

पेन ड्राइव्ह या सगळ्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. बायोसला वाटे, जगात डिस्क दोनच प्रकारची, फ्लॉपी आणि हार्ड डिस्क. म्हणून नव्या पाहुण्याला जुन्या वेषात उभं करावं लागलं. एमएस-सीआयटीच्या लाटेत आमच्याकडं सुटे भाग जोडून बनवलेले जे संगणक आले, त्यांच्या निळ्या पडद्यावर यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी असे तीन पर्याय असायचे. झिप ड्राइव्ह (जाड फ्लॉपीसारख्या चकतीचा) तालुक्यात कोणी पाहिलेलाही नव्हता, पण एखादा पेन ड्राइव्ह त्याच पर्यायानं चालू व्हायचा. तिन्ही फिरवून बघणं हेच तेव्हाचं शास्त्र.

लोडशेडिंगचाही यात वाटा आहे. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा चपटा सेल (सीआर २०३२) घड्याळ चालू ठेवतो, आणि जुन्या बोर्डांवर सेटिंगही. भिंतीतून वीज मिळत असली की त्याच्यावर भार जवळपास नसतो. बारा-बारा तास वीज नसली की सगळं ओझं त्याच्यावर. सेल गेला की तारीख मागं जाते, बूटचा क्रम मूळपदावर येतो आणि कधीकधी डिस्कशी बोलायची पद्धत नव्या एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर घसरते. मग काल चाललेलं विंडोज आज निळा पडदा दाखवतं, आणि मालक म्हणतो, "व्हायरस आला." विंडोज नव्यानं टाकण्याआधी मी कोपऱ्यातली तारीख बघतो. ती २००९ दिसली तर आधी सेल बदलतो.

दुसरी वाट इंटेलनं काढली. इटॅनियम नावाच्या मोठ्या सर्व्हरच्या प्रोसेसरला सोळा बिटांचा जुना बायोस पुरेना, म्हणून १९९८च्या सुमारास बायोसच्या जागी नव्या कार्यक्रमाचं काम सुरू झालं; पुढं त्याचं नाव ईएफआय झालं. २००५ला बाकीच्या कंपन्या मिळून मंच झाला आणि नावाला ‘यू’ लागला. इटॅनियम इतिहासजमा झाला, त्याच्यासाठी लिहिलेलं हे मात्र घराघरात आलं. यूईएफआय पहिला तुकडा उचलून अंधारात उडी मारत नाही. तो फाइल वाचतो. पेन ड्राइव्हवर ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’, त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल, एवढंच त्याला लागतं. पण वाचायची हमी फक्त फॅट या फाइल मांडायच्या जुन्या पद्धतीची. म्हणून पेन ड्राइव्ह फॅट३२ करा असं सांगतात. आणि त्याच फॅट३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तर विंडोजची मुख्य फाइल हल्ली अनेकदा त्याहून मोठी असते. पेन ड्राइव्ह तयार करून देणारी रूफससारखी साधनं इथंच कामी येतात. नुसतं कॉपी-पेस्ट करून आणलेला पेन ड्राइव्ह अडतो तोही इथंच.

जुन्या प्रणालींची सोय म्हणून कंपन्यांनी यूईएफआयच्या आत बायोसची नक्कल ठेवली. तिला सीएसएम म्हणतात, सेटिंगमध्ये ती ‘लेगसी’ या नावानं भेटते. माझ्या मते घोळाचं खरं मूळ हीच सोय आहे. शहरात मशीन तीन-चार वर्षांत बदललं जातं, तिथं हा संधिकाळ येऊन निघून गेला. आमच्याकडं कार्यालयांनी टाकलेले लॅपटॉप नागपूरहून दुसऱ्या-तिसऱ्या हाती येतात आणि संधिकाळ टेबलावर मुक्कामाला राहतो. इंटेलनं २०१७लाच सांगितलं होतं की २०२०पर्यंत सीएसएम काढून टाकू. त्यामुळं नव्या मशीनवर लेगसी शोधून सापडत नाही आणि जुन्यावर मागच्या कोणी विंडोज ७ साठी ती चालू करून ठेवलेली असते. डिस्क रिकामी करायची असेल तर विंडोज बसवतानाच शिफ्ट-एफ १० दाबून डिस्कपार्ट या साधनानं ती जीपीटी करता येते, पण ‘क्लीन’ हा हुकूम लग्नाचे फोटोही पुसतो. डेटा राखायचा असेल तर २०१७पासून विंडोज १० मध्ये डिस्क न पुसता एमबीआरची जीपीटी करणारं एमबीआर२जीपीटी हे साधन आहे. बाहेर वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकाला हा फरक समजावण्यात माझा अर्धा दिवस जातो.

सिक्युअर बूटची कटकट वेगळी. २०१२ला विंडोज ८ सोबत ते सर्रास आलं. सही असलेलाच कार्यक्रम चालू होईल, आणि बहुतेक मशीनमधल्या चाव्या मायक्रोसॉफ्टच्या. लिनक्सवाल्यांनी गदारोळ केला, तो रास्तच होता. तडजोड म्हणून ‘शिम’ नावाचा छोटा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यायचा आणि पुढचं त्यानं तपासायचं, असं ठरलं. साध्या पीसीवर मालकाला सिक्युअर बूट बंद करता आलंच पाहिजे, ही विंडोज ८ च्या वेळची अट विंडोज १० मध्ये कंपन्यांच्या मर्जीवर गेली. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटनं जुने शिम बाद केले आणि चांगले चालणारे लिनक्सचे पेन ड्राइव्ह एका रात्रीत ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणू लागले. इलाज म्हणजे नवी प्रत उतरवून घ्यायची. २ जीबीहून मोठी फाइल आमच्या नेटवर, म्हणजे रात्री लावून झोपायचं.

गेल्या वर्षी मीही हात पोळून घेतला. एका शिक्षकांच्या नव्या लॅपटॉपवर लिनक्स दाखवायचं म्हणून सिक्युअर बूट बंद केलं. काम आटोपून विंडोज चालू केलं तर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी चावी मागितली. डिस्क कुलूपबंद आहे हे सरांना माहीतच नव्हतं. खातं पुण्याच्या भाच्यानं उघडून दिलेलं, पासवर्ड त्यालाही आठवेना. "काऊन हो, माह्या प्रश्नपत्रिका गेल्या का?" त्यांचा आवाज बसला होता. कुलपाची किल्ली टीपीएम चिपमध्ये असते, आणि सिक्युअर बूट ज्या स्थितीत होतं त्याच स्थितीत ती चिप किल्ली सोडते, हे मला वेळेवर आठवलं. सेटिंगमध्ये जाऊन ते पुन्हा चालू केलं, एफ १० नं सेव्ह केलं. लॅपटॉप काही न विचारता सुरू झाला. सरांनी आधी प्रश्नपत्रिका उघडून पाहिल्या, मग चहा घेतला.