चंची की बटवा? पान-तंबाखूचं सामान बरोबर नेताना

चंची मागितली की दुकानदार बटवा पुढं करतो, हे बेळगावच्या खडेबाजारातही होतं आणि निपाणीतही. दोन्ही कापडाचे, दोन्हींत खण, दोन्हींना नाडी, त्यामुळं गल्लत होणारच. खरा फरक उघडण्यात आहे. चंचीची घडी उलगडून ती मांडीवर पसरायची, सगळे खण एकदम डोळ्यांसमोर येतात. बटव्याचं तोंड सैल करून आत बोटं घालायची आणि हवं ते चाचपून काढायचं. चुना, तंबाखू, सुपारी, पान यांतलं काय कशात नीट राहील, हे यावरून ठरतं.

चंची म्हणजे मुळात एकच सपाट कापड. खालची बाजू वर दुमडून खण करायचे, वरची बाजू झाकण म्हणून पुढं पाडायची, मग दोन्ही बाजू मधल्या भागावर घेऊन नाडी गुंडाळायची. तयार चंची हल्ली सहज मिळत नाही, शिवून घेणंच बरं. शिंप्याला सांगायची मापं अशी: कापड साडेतेरा इंच रुंद, चौदा इंच उंच, चारही कडांना अर्धा इंच मुडप. उरलेल्या तेरा इंच उंचीतले पाच खणाच्या पाठीला, पाच पुढच्या बाजूला, तीन झाकणाला. रुंदीत चार-चार इंचांचे तीन भाग, आणि दोन भागांच्या मधे एक टीप न मारता पाव इंच सोडून दोन टिपा. ही पाव इंचाची मोकळी पट्टी हवीच. ती नसली तर भरलेली चंची दुमडत नाही, जोर लावला की टीप उसवते. मधल्या भागाला आणखी एक उभी टीप मारून अडीच आणि दीड इंचाचे दोन खण करावेत. अडीचात चुन्याची डबी, दीडात लवंग-वेलदोडे. नाडी वीस इंच, एका कडेच्या मध्यावर पक्की शिवलेली. चिकोडी-हुक्केरीकडच्या कन्नड बोलणाऱ्या शिंप्याला नुसतं ‘एले-अडिके संची’ म्हटलं तरी काम समजतं. मापं मात्र कागदावर द्यावीत.

खण किती रुंद हवा, याचा हिशेब सोपा आहे: वस्तूची रुंदी, अधिक तिची जाडी, अधिक पाव इंच. दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड डबी असेल तर अडीच इंच. नुसती रुंदी धरून शिवलेल्या खणात डबी जाते तेव्हा कापड तटतटतं आणि शेजारचा खण आपोआप बंद होतो. बहुतेक फसलेल्या चंच्या इथंच फसलेल्या असतात.

बटव्याचं शिवणकाम कमी, पण त्यात एक खोच आहे. नाड्या दोन हव्यात आणि त्या उलट दिशांनी ओवलेल्या हव्यात. तोंडाजवळ अर्ध्या इंचाचा नेफा करायचा. पहिली नाडी डावीकडून आत घालून पूर्ण फेरा मारून डावीकडंच काढायची, दुसरी उजवीकडून घालून उजवीकडं. मग दोन्ही टोकं विरुद्ध बाजूंना ओढली की तोंड सारखं मिटतं. स्वस्त बटव्यांत एकच नाडी असते. ती एका बाजूनं चुण्या पाडते आणि दुसरीकडं बोटभर फट राहते. सहा इंच रुंद बटव्याचा फेरा बारा इंच, म्हणून प्रत्येक नाडी वीस इंच घ्यावी. त्याहून आखूड नाडी तोंड पूर्ण उघडू देत नाही. आत खण हवे असतील तर दोन-तीन पदर तळाशी एकत्र शिवतात, पण भरल्यावर हे पदर एकमेकांवर कलंडतात आणि खणातली वस्तू वरून सांडून दुसऱ्यात जाते. चंचीसारखी शिस्त बटव्यात नसते. ती अपेक्षाही धरू नये.

गुळेदगुड्डच्या चोळीच्या खणाच्या कापडाचा बटवा देखणा दिसतो, पण ते कापड पातळ. आतून मांजरपाटाचं अस्तर लावलं नाही तर अडकित्त्याचं टोक आठवड्यात बाहेर येतं. चंचीला बाहेरून खाकी ड्रिल आणि आतून मांजरपाट, याहून बरी जोडी नाही. रेक्झिन दोन्हींसाठी टाळावं: आत दमट राहतं आणि घडीवर पापुद्रे सुटतात.

आता सामान. जर्दा बटव्यात सुटा ठेवू नये. बटव्याचं तोंड कितीही आवळलं तरी चुण्यांमधून भुकटी झिरपते, ती सुपारीला लागते, आणि तंबाखू न खाणाऱ्या माणसाला तीच सुपारी दिली की त्याला चक्कर आलीच समजा. चंचीत जर्दा कडेच्या खणात, पण पुडीत किंवा पातळ डबीतच. घडी घालताना जर्द्याची बाजू आधी आत घ्यावी आणि पानाची शेवटी वर. पानं ओल्या फडक्यात असतात. त्यांची ओल जर्द्यापर्यंत पोचू नये म्हणून फडकं पिळून घ्यावं, टपकतं ठेवू नये.

चुन्यानं जेवढं सामान बिघडतं तेवढं दुसऱ्या कशानं नाही. ओला चुना ॲल्युमिनियमला खातो, डबीला आतून खड्डे पडतात आणि चुना करडा होतो. पितळ, स्टील किंवा जाड प्लास्टिक घ्यावं, झाकण फिरकीचं. दाबून बसवायचं झाकण बटव्यात हमखास उघडतं, कारण तिथं डबी कोणत्या बाजूवर पडेल याचा नेम नाही. चंचीत ती खणात उभी राहते. हवा लागून चुना खडूसारखा कडक होतो. तेव्हा थेंबभर पाणी घालून कालवायचा, पण पूर्ण वाळलेला फेकून द्यायचा. प्लास्टिकच्या पुडीतला किंवा नळीतला चुना बटव्यात सुटा ठेवणं तर धोक्याचंच. घरातलं पोर बटवा उपसतं, पुडी दाबतं आणि चिळकांडी डोळ्यात जाते. असं झालं तर न थांबता वाहत्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा, पापणीखालचे कण निघतील असा, आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं.

चामड्याची हौस असेल तर अथणी-निपाणीकडं कोल्हापुरी चपला करणारे कारागीर आहेत. या चपलांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव जिल्हाही आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं हे चामडं टिकाऊ, पण नव्याचा वास उग्र. तो जर्द्यात उतरतो, म्हणून अस्तर लावावं आणि पहिले काही दिवस चंची रिकामी उघडी ठेवावी. चपलेच्या तळाचं जाड चामडं इथं निरुपयोगी. घडी पडेल असं मऊ, एक-दीड मिलिमीटरचं मागावं. चुना सांडला तर त्या जागी चामडं कडक होऊन तडकतं. कापडाची चंची धुता येते, चामड्याची नाही.

हवामानाचाही विचार हवा. खानापूरच्या पावसात कापडी चंचीतला जर्दा दोन दिवसांत ओलावतो आणि पुढं बुरशी धरतो. तिथं घट्ट डबी आणि आठवड्याला चंचीला ऊन. अथणी, रायबागकडच्या उन्हाळ्यात उलटं होतं. जर्दा कोरडा पडून त्याचा भुगा होतो, मग थोडाच बरोबर घ्यावा.

चिलीम असेल तर मात्र बटवाच. मातीची चिलीम चंचीच्या सपाट घडीत दाबली जाऊन कडेला टवका उडतो. ती छापीत, म्हणजे ओढताना चिलमीला लावायच्या फडक्यात, गुंडाळून उभी ठेवावी, आतला खडा वेगळ्या पुडीत. पण छापी कोरडी हवी. लाकडी पाईपवाल्यांकडं हेच दोन प्रकार वेगळ्या रूपात असतात: पाईपबरोबर येणारी नाडीची मऊ पिशवी म्हणजे बटवा, आणि खणांची चामडी गुंडाळी म्हणजे चंची. पिशवी ओरखड्यांपासून वाचवते, दाबापासून नाही. गुंडाळीत दाबणी, साफ करायच्या तारा, तंबाखू सगळं बसतं; फक्त पाईपचा खण तंबाखूपासून वेगळा हवा, नाहीतर राख तंबाखूत मिसळते. पाईप पूर्ण निवल्याशिवाय आत ठेवू नये, आणि गरम असताना नळी पिळून काढू नये, सांध्याला तडा जातो. काळ्या रबराची नळी उन्हात हिरवट-तपकिरी पडते, तेव्हा मोटारीच्या काचेखाली पिशवी उघडी टाकू नका.

कोगनोळी ओलांडून कागलकडं जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की महाराष्ट्रात गुटख्याबरोबर सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीवरही बंदी आहे. चंचीच्या खणात काय आहे हे उघडताच दिसतं.

विकत घेताना दुकानातच परीक्षा करावी. बटव्यात मूठभर चिल्लर टाकून नाड्या ओढा आणि उलटा धरून दोनदा झटका. एक नाणं जरी पडलं तरी नेफा सैल आहे. चंचीत आपली स्वतःची डबी घालून घडी घाला, नाडी बांधा आणि शर्टाच्या खिशात टाकून खाली वाका. वाकताना ती पुढं सरकून बाहेर डोकावत असेल, तर खणांची उंची एक इंचानं कमी करायला सांगा. नुसती नाडी आवळून ते जमत नाही.