जीव भांड्यात पडतो, तेव्हा

एक फोन करायचा असतो. साहेबांना, बँकेत किंवा तपासणीचा रिपोर्ट काय आला हे विचारायला. नंबर समोर असतो, पण पोटात गोळा येतो, तळहात ओले होतात, घशाला कोरड पडते. मग आपण ठरवतो, उद्या करू. आणि लगेच जीव भांड्यात पडतो.

चिंतेबद्दल बोलताना पोटातल्या गोळ्याचं वर्णन सगळेच करतात. या सुटकेकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. चिंता आयुष्यात ठाण मांडून का बसते, याचं बरंचसं उत्तर मला या सुटकेतच दिसतं.

आधी गोळ्याचं पाहू. मेंदूत दोन्ही बाजूंना, आत खोलवर, बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल लागली की तिथून इशारा सुटतो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काही सेकंदांत अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात सोडतात. हृदय जोरात धावू लागतं, आतड्यांकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, लाळ आटते. ‘तोंडचं पाणी पळालं’ असं आपण म्हणतो, ते अक्षरशः खरं असतं. वॉल्टर कॅनन हे अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ क्ष-किरणांच्या मदतीने मांजरांच्या पचनाचा अभ्यास करत होते. मांजर बिथरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबते, हे त्यांना दिसलं. तो धागा धरून त्यांनी 1915 साली ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना मांडली. अ‍ॅड्रेनॅलिनच्या मागून कॉर्टिसॉल हे तणावाचं दुसरं संप्रेरक येतं, पण सावकाश. त्याची पातळी शिगेला पोचायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून प्रसंग टळून गेला तरी आतली धाकधूक बराच वेळ जात नाही.

समोर साप आला तर ही सगळी धावपळ उपयोगी पडते. चिंतेत साप समोर नसतो, तो ‘आला तर?’ या प्रश्नात असतो. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण उगीच पडलेली नाही. मनातल्या सापासाठीही शरीर तितकीच तयारी करतं.

त्यात श्वास भर घालतो. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. मग ‘मला काहीतरी होतंय’ या भीतीने श्वास आणखी वाढतो. अशा वेळी ‘खोल श्वास घे’ हा सल्ला अर्धाच उपयोगी आहे. मोठमोठे श्वास घेत राहिल्याने कार्बन डायऑक्साइड आणखी घटू शकतो. खरा भर श्वास सोडण्यावर हवा, तोही संथ आणि लांब. श्वास सोडताना, मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावामुळे हृदयाचे ठोके किंचित मंदावतात.

पण श्वासाने ती वेळ निभावते, मुळाशी मात्र टाळणं असतं. फोन पुढे ढकलला आणि बरं वाटलं. हे बरं वाटणं मेंदूच्या लेखी बक्षीस असतं. ‘टाळलं म्हणून वाचलो’ एवढंच तो शिकतो. फोन केला असता तर काय झालं असतं, हे त्याला कधी कळतच नाही. होबार्ट मौरर या मानसशास्त्रज्ञाने 1947 साली भीती टिकण्याचं हे गणित मांडलं. उद्या तोच फोन आणखी जड वाटतो, तो यामुळेच.

टाळण्याची काही रूपं तर ओळखूही येत नाहीत. कुलूप तीनदा ओढून पाहणं, लक्षणं इंटरनेटवर धुंडाळणं, ‘सगळं ठीक होईल ना?’ असं घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारणं, कार्यक्रमात दाराजवळचीच खुर्ची धरणं. प्रत्येक वेळी क्षणभर हायसं वाटतं आणि चिंतेची मुळं थोडी आणखी खोल जातात. विचार दाबून टाकणं हाही त्यातलाच प्रकार. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सांगितलं होतं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. ते अस्वल पुन्हा पुन्हा त्यांच्या मनात येत राहिलं.

मग करायचं काय? मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा, एवढाच उपाय. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. आजच्या वर्तनोपचारात हेच तत्त्व आहे. फोनची भीती असेल तर आधी सोपा फोन, मग थोडा अवघड. धडधड थांबेपर्यंत वाट पाहायची नाही, धडधडत्या छातीनेच नंबर लावायचा.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. जुनी भीती मेंदूतून पुसली जात नाही, तिच्या शेजारी ‘इथे धोका नाही’ ही नवी शिकवण तयार होते. दगदगीच्या दिवसांत किंवा नव्या जागी जुनी भीती डोकं वर काढते. पण म्हणून काही केलेली मेहनत वाया जात नाही. सराव वेगवेगळ्या ठिकाणी केला तर नवी शिकवण पक्की होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 साली जगात 30 कोटींहून अधिक लोकांना चिंताविकार होता. उपचार त्यांतल्या साधारण चौघांपैकी एकालाच मिळतात, ही मला फार वेदना देणारी गोष्ट वाटते. सहा महिने जवळजवळ रोज चिंता छळत असेल, झोप उडाली असेल, कामावर परिणाम होत असेल, तर डॉक्टरांकडे जावं. आयुष्य नकोसं वाटू लागलं, तर एक दिवसही थांबू नये. थायरॉइड ग्रंथीचं काम वाढल्यानेही अशीच धडधड होते, म्हणून तपासणी हवीच. छातीत दुखत असेल तर ‘टेन्शन असेल’ असं स्वतःच ठरवून घरी बसू नये.

औषधांबद्दल विचार करतानाही ही झटपट सुटका लक्षात ठेवावी. नैराश्य आणि चिंता या दोन्हींवर दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं परिणाम दाखवायला काही आठवडे घेतात, आणि तेवढ्यात धीर सुटून अनेक जण ती सोडून देतात. उलट बेंझोडायझेपाइन गटातली गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात जीव भांड्यात पडतो. तिची सवय लागण्याचं हे एक कारण. म्हणून ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतीच घ्यावी, आणि बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद न करता त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.