माइसेनचा हंस-संच

जर्मनीतील सॅक्सनीच्या माइसेन कारखान्यात १७३७ ते १७४२ या काळात घडवलेला, दोन हजारांहून अधिक नगांचा चिनी मातीचा भोजनसंच. तो काउंट हाइन्रिख फॉन ब्र्यूल याच्यासाठी झाला. ब्र्यूल हा दरबारातला सर्वांत वजनदार मंत्री, आणि कारखान्याचा कारभारही त्याच्याच हाती. म्हणजे गिऱ्हाईक तोच आणि कारभारीही तोच.

या हौसेमागे एक वेड होते. चिनी मातीची भांडी युरोपात जहाजाने येत, पण ती कशी करतात हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते. सॅक्सनीचा राज्यकर्ता ऑगस्टस याने (‘बलवान’ हे त्याचे बिरूद) १७१७ मध्ये १५१ चिनी भांड्यांच्या बदल्यात प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार देऊन टाकले. सोने करून दाखवतो म्हणणाऱ्या ब्योटगर नावाच्या किमयागाराला त्याने कैदेत ठेवले होते. सोने काही झाले नाही. पण चिर्नहाउस या विद्वानाबरोबरच्या प्रयोगांतून १७०८ मध्ये पांढऱ्या मातीचे गुपित हाती आले आणि १७१० मध्ये माइसेनच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला.

संचातील बशी जवळून पाहावी. शिंपल्यासारख्या पन्हळी, त्यांवर पाण्यातले दोन हंस, मागे लव्हाळे, वरून उतरणारा बगळा. सारे पांढऱ्यावर पांढरे, हलक्या उठावाचे. रंग आहे तो विखुरलेल्या फुलांचा आणि काठावरच्या ब्र्यूल पतिपत्नींच्या कुलचिन्हांचा. शिल्पकार केंडलरने खरे शिंपले समोर ठेवून अभ्यास केला होता. पदार्थ वाढला की हंस झाकले जातात, काठावरची कुलचिन्हे मात्र दिसत राहतात. यजमानाला बहुधा तेच हवे असावे.

पूर्वी मेजवानीच्या शेवटच्या, गोडाच्या फेरीत साखरेच्या मूर्ती मांडत. त्यांची जागा चिनी मातीच्या मूर्तींनी घेतली. चांदीचे ताट अडीनडीला वितळवून पैसा उभा करता येतो. चिनी मातीचे फुटले की संपले. तरीही ती हजारोंनी मांडायची, यातच श्रीमंतीची मिजास होती.

पुढे हा संच ब्र्यूल घराण्याच्या फ्योर्टन येथील वाड्यात (आता पोलंडमधील ब्रोडी) राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्याची वाताहत झाली. वाचलेले नग आज निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत.