पीयूसी कोणाला लागते, कशी काढायची आणि तपासणी खरी कशी करून घ्यायची

गाडीच्या पहिल्या नोंदणीला एक वर्ष झालं की पेट्रोल, डिझेल, सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाला पीयूसी, म्हणजे गाडीचा धूर मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११५ नुसार ही सक्ती आहे. विजेवरच्या गाड्यांना सूट आहे. बीएस-४ आणि बीएस-६ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराचे सरकारी निकष) गाड्यांची पीयूसी १२ महिने चालते, त्याआधीच्या गाड्यांची ६ महिने.

कागदपत्रं फारशी नाहीत. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) जवळ ठेवा, डिजीलॉकरमधली चालते. मोबाइल मात्र चालू हवा, कारण ओटीपी आल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही. आणि गाडी स्वतः केंद्रावर न्यावी लागते. नुसत्या नंबरावर पीयूसी काढून देतो असं कोणी म्हणालं तर साफ नकार द्या. जो माणूस वेळेवर सर्व्हिसिंग करतो, त्याच्यावर तो अन्याय आहे, आणि त्या गाडीमागे सिग्नलला उभं राहणाऱ्या प्रत्येकावरही.

तपासणी होताना शेजारी उभे राहा. पेट्रोल गाडीचं इंजिन चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी खोलवर घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ पेट्रोल कारसाठी मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग) आहे. नळी टोकाशीच लोंबकळत असेल तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटाच कमी दिसतो. डिझेल गाडीला न्यूट्रलमध्ये झटक्यात पूर्ण रेस देऊन धुराची घनता मोजतात. बीएस-४ साठी ती १.६२ प्रति मीटरच्या आत हवी, त्याआधीच्या गाड्यांना २.४५ पर्यंत मुभा आहे. जुन्या गाडीला नव्या गाडीची फूटपट्टी लावत नाहीत, हे मला योग्य वाटतं.

इंजिन गरम असतानाच तपासणी करा. धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे थंड इंजिनावर चांगली गाडीही नापास होऊ शकते.

नापास झालात तर केंद्राने कारण लिहिलेली नकाराची पावती द्यायला हवी. ही तरतूद २०२१ मध्ये आली. पावती मागून घ्या. ती मेकॅनिकला दाखवता येते, आणि केंद्राचं यंत्रच बिघडलंय अशी शंका असेल तर तीच पावती घेऊन दुसऱ्या केंद्रावर तपासणी करता येते. वाहनधारकाच्या बाजूची ही मोठी सोय आहे आणि तिची माहिती फार कमी जणांना असते. पेट्रोल गाडीत बऱ्याचदा दोष एअर फिल्टर, स्पार्क प्लग किंवा ऑक्सिजन सेन्सरमध्ये निघतो. तो दुरुस्त झाला की पेट्रोलही वाचतं.

या तपासणीचा उपयोग आहे, पण तो इथवरच. नायट्रोजन ऑक्साइड इथे मोजलेच जात नाहीत. डिझेलच्या धुराची घनता कळते, पण त्यातल्या अतिसूक्ष्म कणांचा हिशेब लागत नाही. शिवाय उभ्या गाडीचा धूर आणि चढावर ओझं घेऊन जाणाऱ्या गाडीचा धूर यांत फरक असतोच. म्हणजे पीयूसी बिघडलेली गाडी पकडते. पास झालेली प्रत्येक गाडी स्वच्छ आहे, असा तिचा अर्थ नाही.

वैध पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ३ महिने लायसन्स अपात्र अशी तरतूद आहे. गाडी जास्त धूर सोडतेय असं वाटल्यास अधिकारी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक आदेश देऊन ती अधिकृत केंद्रावर तपासायला लावू शकतात. आदेश पाळला नाही किंवा गाडी नापास झाली, तर वैध पीयूसी दाखवेपर्यंत आरसी निलंबित होऊ शकते.

केंद्रावरून निघण्याआधी प्रमाणपत्रावरचा गाडीचा नंबर, इंधन आणि बीएस क्रमांक वाचून घ्या, क्यूआर कोड स्कॅन करून पाहा. हरवलं तर परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे ५ अंक टाकून पुन्हा काढता येतं.