फ(क्ष) आणि वर्गसमीकरण: दिसायला सारखी, पण एक नाहीत

भाची यंदा अकरावी सायन्सला आहे. परवा तिची वही चाळत होते तर एका पानावर हे दिसलं: फ(क्ष) = क्ष² + ६, खाली फ(३) = १५, इथपर्यंत बरोबर, आणि त्याच्या खाली "म्हणून फ = ५". पंधराला तिनाने भागलं होतं तिने. पुढे फ(४) = २०, खरं उत्तर २२. (टाइप करायला सोपं जावं म्हणून एफला फ आणि एक्सला क्ष लिहितेय.)

तिचं कुठे अडलं ते मला लगेच कळलं. कंसाच्या बाहेर काही असलं की गुणायचं हे इतकी वर्षं हातात बसलेलं असतं, ३(क्ष + २) दिसलं की ३ने गुण, आणि आता अचानक तोच कंस वेगळं काहीतरी सांगतो आणि थांबून कोणी हे बोलत नाही की बाळा, फ हा आकडाच नाहीये, ते नियमाचं नाव आहे. फ(३) म्हणजे या नियमात क्षच्या जागी ३ टाकल्यावर जे येईल ते. "मावशी, मग नववीतलं पी ऑफ एक्स पण हेच होतं का?" हो ग, बहुपदीच्या धड्यात हेच होतं, पण तेव्हा पी(२) काढा म्हटलं की २ टाकायचा, उत्तर यायचं, मार्क मिळायचे, त्यामुळे त्या खुणेकडे नीट बघायची वेळच आली नाही.

आता खरा घोळ. आपल्याकडे दहावीला वर्गसमीकरणं होतात आणि फंक्शन म्हणजे फलन, वरच्या फसारखा नियम, अकरावीला, त्यामुळे क्ष² दिसला की हात आपोआप अवयव पाडायला जातो. इतिहासातही क्रम हाच आहे, वर्गसमीकरण सोडवायची रीत ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिली आणि फ(क्ष) ही खूण स्विस गणितज्ञ ऑयलरने १७३४ च्या सुमारास वापरली, मध्ये तब्बल अकराशे वर्षं. पण फंक्शन दिलं म्हणजे काही सोडवायला सांगितलंय असं नसतं. फंक्शन सांगतं की कुठलाही क्ष दे, मी उत्तर देतो. समीकरण उलटीकडून विचारतं, उत्तर हे आहे, सांग क्ष किती होता?

मी तिला चेंडूचं उदाहरण दिलं. सेकंदाला २० मीटर वेगाने चेंडू सरळ वर फेकला, हवेचा अडथळा सोडून दिला आणि गुरुत्वाकर्षणाचे १० धरले, तर क्ष सेकंदांनी त्याची उंची उ(क्ष) = २०क्ष − ५क्ष² मीटर. हे फंक्शन. उ(१) = १५, उ(२) = २०, उ(३) परत १५, उ(४) = ०, म्हणजे चेंडू खाली. यात सोडवायचं काहीच नव्हतं, आकडे टाकले आणि किमती काढल्या. मग विचारलं, चेंडू १५ मीटरवर कधी असतो? आता २०क्ष − ५क्ष² = १५ झालं, हे वर्गसमीकरण. सगळं एका बाजूला घेऊन ५ने भागलं की क्ष² − ४क्ष + ३ = ०, अवयव (क्ष − १)(क्ष − ३), उत्तरं १ आणि ३. एकदा वर जाताना, एकदा खाली येताना.

तिने हे पटकन केलं. पण मग तिला वाटलं की फंक्शनलाही भागून सुटसुटीत करावं, म्हणून −५ने भागून उ(क्ष) = क्ष² − ४क्ष लिहिलं. मी म्हटलं, उ(१) काढ बघू. आलं −३. फेकल्यावर एका सेकंदाला चेंडू जमिनीच्या ३ मीटर खाली! ती वहीकडे बघतच राहिली. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकाच आकड्याने भागलं तरी मुळं, म्हणजे क्षची उत्तरं, तीच राहतात कारण आपल्याला फक्त क्ष शोधायचाय, पण फंक्शनमध्ये मधली प्रत्येक किंमत मोलाची असते, उजवी बाजू भागून डावीकडे तेच उ(क्ष) ठेवलं की नियमच बदलला. माझ्या मते दोघांतला फरक कळायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही, व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे एकदा करून बघावं.

अजून एक छोटं, फ(०) आणि फ(क्ष) = ० यात गल्लत होतेच. फ(क्ष) = क्ष² − ५क्ष + ६ घ्या, फ(०) म्हणजे ६, आणि फ(क्ष) = ० ची उत्तरं २ आणि ३. आलेखावर पहिलं उभ्या अक्षावर दिसतं, दुसरं आडव्या अक्षावर.

निघता निघता तिनेच विचारलं, "आणि २५ मीटरवर कधी?" म्हटलं, मांड की. क्ष² − ४क्ष + ५ = ० आलं, विवेचक, म्हणजे उत्तरं आहेत की नाहीत ते सांगणारा आकडा, १६ − २० = −४, ऋण. दहावीत अशा वेळी ती "वास्तव मुळे नाहीत" लिहून पुढच्या गणिताकडे जायची. या वेळी पेन थांबलं, वरच्या ओळीतलं उ(२) = २० तिने परत वाचलं आणि म्हणाली, "अगं, तो तिथपर्यंत पोचतच नाही."