इंग्रजी येत नाही, तर कोडिंग जमणारच नाही?

“मराठी शाळेतली पोरगी, इंग्रजी कच्चं. तिला कोडिंग कसलं जमतंय? शिवणाचा क्लास लावा.” वस्तीत, गावात हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो, बहुतेकदा काळजीपोटीच.

आधी बघू, कोडिंगला, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून द्यायला, इंग्रजी लागतं किती. पायथन या कोडिंगच्या भाषेत राखीव शब्द, म्हणजे ठरलेल्या अर्थाचे शब्द, आहेत अवघे ३५: इफ, एल्स, व्हाइल असे. त्यांचं व्याकरण नाही, स्पेलिंग आणि काम लक्षात ठेवायचं. पायथनमध्ये help('keywords') लिहा, यादी समोर येते, मोजून बघा.

‘प्रिंट’सारखी काही तयार इंग्रजी नावं सोडली, तर माहिती साठवायला लागणारी नावं आपण ठेवतो, आणि २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून ती देवनागरीतही चालतात. मोबाइलच्या ब्राउझरवर एखादा मोफत पायथन एडिटर (कोड लिहून चालवून बघायची वेबसाइट) उघडून ‘वय’ लिहा, बरोबरचं चिन्ह द्या, पुढे १७. चालतं! (आकडा मात्र इंग्रजी अंकांत हवा, देवनागरी अंक लिहिला तर चूक दाखवतो. माझी इथेच गंमत झाली होती.)

खरं कौशल्य कामाचे तुकडे पाडून क्रम लावण्यात आहे. भिशीचा हिशेब, कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले, हे वहीत नीट मांडणारी मुलगी तेच करत असते.

इंग्रजी पुढे लागतंच, हे लपवण्यात अर्थ नाही. चुकांचे संदेश, वापराची माहिती, नोकरीच्या मुलाखती बऱ्याचदा इंग्रजीतच असतात. पण ते कोडिंगबरोबर शिकता येतं. तोवर दार बंद ठेवायचं कारण नाही. मुलींच्या वाटेत जास्त आडवं येतं ते वेगळंच: घरात एकच फोन, आणि तोही भावाच्या हातात.